मुदीरच्या रायफलची फाइल

मी आयुष्यात कधी बंदूक चालवलेली नाही. पण सौदीतल्या बुरैद्याहून शिकारीची रायफल कायद्याने परदेशात न्यायची आणि तशीच परत आणायची, तर काय काय लागतं, हे मला कुणीही कधीही विचारावं. अकरा वर्षं ते काम माझ्याकडे होतं.

आमची कंपनी खजुराची. बाजाराच्या मागच्या रस्त्याला दोन शीतगृहं, एक पॅकिंगचा हॉल आणि वर ऑफिस. मालकांना सगळे मुदीर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. साठीचे गृहस्थ, आवाज कधी चढवत नाहीत, आणि हंगाम आटोपला की दरवर्षी दोन मित्रांबरोबर मध्य आशियात कुठेतरी डोंगरी बकरे मारायला जातात. रायफल स्वतःची, परवाना स्वतःचा. तिथे भाड्यानेही रायफल मिळते, पण दुसऱ्याच्या रायफलने मारणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवणं, असं ते म्हणत.

पहिल्या वर्षी त्यांनी परवान्याची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, तू विमानाची तिकिटं करतेस, हेही कर. मी विमान कंपनीच्या माणसाला पाच वेळा फोन केला. पाचव्यांदा तो वैतागला आणि त्याने मला सगळं नीट समजावून सांगितलं. ते मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

नियम फार नाहीत, पण एकही गाळून चालत नाही. रायफल ज्याच्या नावावर, त्यानेच ती न्यायची. ड्रायव्हरच्या हाती द्यायची नाही, मित्राच्या सामानात घालायची नाही. आत गोळी नको, बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, काढून वेगळा, कडक पेटी, दोन कुलुपं, आणि किल्ल्या मालकाच्या खिशात. दुसरी जोडीही मालकाकडेच. काडतुसं मूळ डब्यात, पाच किलोच्या आत, वेगळी कुलूपबंद. रायफलवर कोरलेला नंबर चार कागदांवर तोच हवा: परवान्यावर, तात्पुरती देशाबाहेर नेण्याच्या परवानगीवर, विमान कंपनीच्या पत्रावर आणि जिथे शिकार करायची त्या देशाच्या परवानगीवर. मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या विमानतळाचा कागद वेगळा. हा पाचवा कागद लोक विसरतात. त्यांना वाटतं, आपण तिथे दोन तास बसणार, कॉफी पिणार, त्याला परवानगी कसली? पण आपण कॉफी पीत असतो तेव्हा रायफल त्या देशाच्या जमिनीवर असते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी मुदीरना शिकारीचं जाकीट घेऊन ऑफिसात बोलवायची आणि सगळे खिसे माझ्या टेबलावर रिकामे करायला लावायची. खजुराच्या बिया, दात घासायची मिस्वाकची काडी, टिश्यू, मागच्या वर्षीचा बोर्डिंग पास. एका वर्षी एक काडतूस निघालं. ते मशीनमध्ये दिसलं असतं तर तिघेही तिथेच अडकून बसले असते. मुदीरनी ते काडतूस उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू माझ्या बायकोपेक्षा वाईट आहेस.” त्यानंतर ते खिसे न सांगता उलटे करायला लागले.

आमच्याकडे कामाची एक रीत आहे. कागद मी करायचे आणि ते घेऊन मंदूबने फिरायचं. मंदूब म्हणजे कंपनीचा सरकारदरबारी पाठवायचा माणूस. मी लागले तेव्हा बाईने अशा खिडक्यांवर जाणं शक्यच नव्हतं. आता जाते, गाडीसुद्धा चालवते, पण रीत तशीच राहिली. त्यामुळे खिडकीवर चेहरा त्याचा, कागदावर शिक्का माझा. काम झालं की लोक मंदूबला शाबासकी देतात. अडलं की शिक्का कुणाचा ते बघतात.

माझा शिक्का लहानसा, आयताकृती. ‘तपासले’ एवढाच शब्द, अरबीत आणि इंग्रजीत, खाली माझा कर्मचारी क्रमांक. मी स्वतः शेवटपर्यंत वाचलेल्या कागदावरच तो उठायचा. मुदीर मजकूर वाचत नसत. माझा शिक्का दिसला की सही करत.

आमचा मंदूब म्हणजे माझा दीर. नवऱ्याचा धाकटा भाऊ, पंचेचाळिशीचा, दोघांचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. त्याच्या आधीच्या कफीलने, म्हणजे ज्या मालकाच्या नावावर तो इथे आला होता त्याने, त्याचा इकामा, इथे राहण्याचा परवाना, नूतनीकरणाशिवाय लटकवून ठेवला होता. पोलीस दिसला की तो रस्ता बदलायचा. मी मुदीरकडे शब्द टाकला आणि त्याला इथे आणलं. आठ महिने तो आमच्याच घरी राहिला. माझा नवरा दूर दक्षिणेत जिझानला रिफायनरीच्या कामावर असतो आणि मी मुलीला घेऊन बुरैद्यात, त्यामुळे घरात एक पुरुष माणूस असलेला बरा, असं गावाकडून सगळ्यांचं म्हणणं. मलाही त्याचा त्रास नव्हता. स्वभावाने गोड. शुक्रवारी समुद्राकाठच्या कतीफहून आलेला मासा आणायचा, आणि कल्ले उघडून बघून आणायचा. इथल्या वाळवंटात मला इतका चांगला मासा दुसऱ्या कुणी खाऊ घातलेला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात मुदीरची फाइल तयार होती. पाचपैकी चार कागद लागलेले. विमान सकाळचं, बदली ज्या विमानतळावर होती तिथली परवानगी दहा दिवस आधी हातात. फक्त विमान कंपनीचं शेवटचं पत्र यायचं होतं, ते नेहमी प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधीच येतं. तेवढ्यात जिझानहून फोन आला की नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आहे. मी चार दिवसांची रजा टाकली. पत्र आलं की त्यावर शिक्का मारून फाइलला लावायचं, एवढंच काम उरलं होतं. शिक्क्याच्या खणाची किल्ली मी दिराला दिली.

त्याने ती मुठीत घेतली आणि म्हणाला, “अमानत आहे, भाभी. बेफिकीर राहा.”

रायफलच्या पेटीची किल्ली मालकाशिवाय कुणाकडे नको, हे मी अकरा वर्षं साठ वर्षांच्या माणसाला बजावत होते. आणि माझ्या शिक्क्याची किल्ली मी दिली, कारण घेणारा घरचा होता. आमच्या लोकांत हा विचार कुणी करतच नाही. घरच्या माणसाकडून पावती कोण घेतं?

जिझानला हवा दमट होती. ऑपरेशन सुरळीत झालं, दुसऱ्या दिवशी नवऱ्याला त्यांच्या खोलीवर आणलं. मी पेजेसाठी तांदूळ धूत होते तेव्हा माझा फोन वाजला. दीर. पत्र आलं का, मी विचारलं. आलं म्हणाला. मग म्हणाला, “भाभी, असंच विचारतो. मधला विमानतळ बदलला तर हेच कागद चालतात ना?”

मी म्हटलं, नाही चालत. नवीन विमानतळाची नवीन परवानगी, पाच दिवस तरी लागतात, आणि काही ठिकाणी देतच नाहीत. कुणी बदलतंय का?

“छे, छे. असंच डोक्यात आलं.”

चार मिनिटांचा फोन. नंतर त्या चार मिनिटांना फार महत्त्व आलं.

थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन वाजला. दिराचाच होता, मला पडद्यावर दिसलं. नवरा पलंगावर आडवा, मी तीन पावलांवर चुलीपाशी. ते नुसते हं हं करत होते. शेवटी म्हणाले, “बघ मग, तुला ठीक वाटेल तसं कर.” मी विचारलं, काय म्हणतोय? म्हणाले, काही नाही, घरच्या छपराचं. आणि पेज मागितली.

मी परतले तेव्हा मुदीर निघून गेले होते. फाइल त्यांच्याबरोबर, खण बंद, किल्ली माझ्या टेबलावर कॅलेंडरखाली. दुसऱ्याच दिवशी मित्रांपैकी एकाच्या ऑफिसातून फोन आला. मधल्या विमानतळावर रायफल जप्त झाली होती. मुदीरना अकरा तास एका खोलीत बसवून ठेवलं, जबाब घेतला आणि आल्या वाटेने परत पाठवलं. मित्रांना रायफली तिथेच भाड्याने घ्यायच्या होत्या, ते पुढे गेले. मी विमानतळाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलेलं नाव माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

मुदीर आले आणि त्यांनी मला आत बोलावलं. दीर आधीच आत उभा होता, गालिच्याकडे बघत. टेबलावर फाइल उघडी होती. प्रवासाच्या मार्गाचा कागद नवा टाइप केलेला, विमानतळ दुसरा, खाली माझा शिक्का. त्याच्यामागे परवानगीचं पत्र लावलेलं, ते जुन्याच विमानतळाचं. दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, हे कुणालाही दिसलं असतं. बघायचं काम माझं होतं आणि मी जिझानला तांदूळ धूत होते.

मी म्हटलं, हा कागद माझा नाही. मुदीरनी शिक्क्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, शिक्का माझा, मी नव्हते. किल्ली याच्याकडे होती.

मुदीर दिराकडे वळले. त्याने मान वर केली नाही. अरबीत म्हणाला, “मॅडमना फोन करून विचारलं होतं. त्यांनी सांगितलं तसं केलं.”

आणि त्याने फोन काढून टेबलावर ठेवला. तारीख, वेळ, माझं नाव, चार मिनिटं.

मला राग यायला हवा होता, पण आधी नवल वाटलं. तो चार मिनिटांचा फोन त्याने सांभाळून ठेवला होता. म्हणजे विचारतानाच त्याला माहीत होतं की पुढेमागे तो लागेल.

मी मुदीरना विचारलं, तिकीट बदलायला कुणी सांगितलं होतं? सकाळचं विमान फार लवकर होतं, ते म्हणाले. “मित्राने दुपारचं सुचवलं. मी याला म्हटलं, बदल आणि रायफलचंही बघ.”

“रायफलचं बघ म्हणजे काय, ते याला कळतं का?”

“म्हणूनच त्याने तुला विचारलं,” मुदीर म्हणाले. शांतपणे. मग हाताने खूण केली की आता जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिशेबनिसाने एक कागद आणून दिला. मुदीरनी तयार करून घेतलेलं माफीचं पत्र, माझ्या नावाने. निरोप असा: यावर सही कर, ते मित्रांना दाखवायचं आहे, त्यांचीही शिकार बिघडली, मग खलास, कुणी काही बोलणार नाही. सही नको असेल तर महिनाअखेर करार संपला, इकामा रद्द, घरी जा.

माझी मुलगी बारावीला होती. बोर्डाची परीक्षा अडीच महिन्यांवर. तिचा इकामा माझ्यावर, नवऱ्याच्या इकाम्यावर कुटुंब ठेवता येत नाही. मी गेले की तिलाही जावं लागणार, आणि भारतात जाऊन त्या वर्षी तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं. नाव या शाळेतून गेलं होतं, केंद्र इथलं होतं. एक वर्ष गेलं असतं. बाकी सगळं मी रेटून नेलं असतं, पण ते नाही. विचार करायला मी आठवडा मागितला.

फोन सुरू झाले. पहिला सासूबाईंचा, गावाहून. त्या म्हणाल्या, “तू मोठी आहेस. त्याची चार पोरं आहेत. तुझ्या एका सहीने सगळं मिटतं तर मिटव की बाई.” दिराने त्यांना काय सांगितलं ते मी विचारलं. कामात थोडी गफलत झाली, असं सांगितलं होतं. कुणाची, ते नव्हतं सांगितलं. मग जावेचा फोन. सही करा म्हणून ती रडली. मला रडणाऱ्या बाईशी फोनवर बोलता येत नाही, मी नंतर बोलते म्हणून ठेवून दिला.

मुलीला मी फार काही सांगितलं नव्हतं, पण घर लहान आहे. ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, “साइन कर दो ना, मम्मी. इट्स जस्ट अ पेपर.” अकरा वर्षं आईने कागदच केले आणि मुलगी म्हणते नुसता कागद. तिच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. तिला परीक्षा द्यायची होती.

दीर स्वतः एकदा आला. दारातच उभा राहिला. मी ये म्हटलं नाही. तो म्हणाला, “भाभी, मुदीर तुम्हाला काढणार नाहीत. तुमच्याशिवाय त्यांचं चालत नाही. मला एका दिवसात काढतील. म्हणून तुमचं नाव घेतलं.”

त्याच्या हिशेबाने हे कौतुक होतं. मी विचारलं, फोनवर मी काय सांगितलं होतं तुला?

“चालत नाही म्हणालात.”

“मग?”

“मुदीरना नाही कसं म्हणायचं?”

मी दार लावून घेतलं. त्याने खरं उत्तर दिलं होतं. आणखी विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या पत्राचा फोटो मी नवऱ्याला पाठवला होता. शनिवारी त्यांचा फोन आला. सही करून टाक, ते म्हणाले. पोरीचं वर्ष वाचतं, त्याची नोकरी वाचते. आईला या वयात काय सांगायचं? मी म्हटलं, तुम्ही पत्र वाचलंत का? म्हणाले, “मी पेशंट माणूस, काय काय वाचू? माफीचंच असणार.”

मग त्यांनी, मला समजवायच्या भरात, म्हटलं, “तो काही वाईट नाही गं. घाबरला होता बिचारा. त्याच दिवशी मला फोन करून विचारत होता, भाभींचा शिक्का मारू का म्हणून.”

काय बोलून बसलो ते त्यांना कळलं.

“छपराचं,” मी म्हटलं.

“तू लगेच मुदीरना फोन लावला असतास,” ते म्हणाले. “त्याची नोकरी तिथल्या तिथे गेली असती.”

खरं होतं. मी लावला असता. विमानाला दोन दिवस होते, तिकीट पुन्हा फिरवता आलं असतं, रायफल नीट गेली असती आणि नीट परत आली असती. कुणाचीही नोकरी गेली नसती, कारण काही घडलंच नसतं. पण हे त्यांना समजावून सांगण्यात मी वेळ घालवला नाही. मी त्यांच्यासाठी विमानाने तिथवर गेले होते, पेज शिजवत होते, तीन पावलांवर होते. माझ्या शिक्क्याबद्दल दोन भावांनी आपसात ठरवलं आणि मला छपराचं सांगितलं. दिराने जे केलं ते भीतीने केलं, ते मी समजू शकते. यांना कशाची भीती होती? माझ्या तोंडाची.

फोन ठेवल्यावर मी ते पत्र परत वाचायला घेतलं. आधी वाचलं होतं, पण अपमान झालेला माणूस वाचतो तसं, घाईने. आता फाइल तपासते तसं वाचलं, पट्टी लावून, ओळ न् ओळ.

माफी त्यात एकाच ओळीत होती. बाकीचं वेगळंच होतं. हत्याराच्या प्रवासाचा मार्ग मी माझ्या मनाने बदलला, हे मालकांना ठाऊक नव्हतं, बदललेल्या कागदावर शिक्का मी मारला, त्याची सर्व जबाबदारी माझी. वर रायफलचा नंबर, परवान्याचा नंबर, खाली माझ्या इकाम्याचा नंबर. मित्रांना दाखवायच्या माफीपत्रात रायफलचा नंबर कशाला लागतो? देशाबाहेर नेण्याच्या परवानगीत मार्ग लिहिलेला असतो. उद्या ती परवानगी देणाऱ्या खात्याने मुदीरना विचारलं की रायफल भलत्या विमानतळावर कशी गेली, तर पुढे करायला हा कागद होता. आणि मी कोण? परदेशी बाई, जिने हत्याराचे खोटे कागद केल्याची कबुली स्वतःच्या सहीने दिली आहे.

घरातल्या चार माणसांनी मला सही कर म्हणून सांगितलं. चौघांपैकी एकानेही ते पत्र वाचलं नव्हतं.

मी त्या पत्रावर सही केली नाही. सोमवारी सकाळी ऑफिसात बसून माझं पत्र टाइप केलं, इंग्रजीत आणि खाली अरबीत. त्यात पाच वाक्यं होती. या तारखांना मी रजेवर जिझानला होते, तिकिटं सोबत जोडली आहेत. त्या काळात माझ्या शिक्क्याची किल्ली मी मंदूबकडे दिली होती. किल्ली देणं ही माझी चूक होती आणि ती मी मान्य करते. मार्ग बदलल्याचा कागद मी केला नाही आणि पाहिला नाही. विमानतळ बदलला तर नवी परवानगी लागते, हे मी फोनवर विचारणाऱ्याला सांगितलं होतं. खाली सही केली. शिक्काही मारला, कारण हा कागद मी तपासला होता.

मुदीरनी ते दोनदा वाचलं. मी त्यांना मजकूर वाचताना पहिल्यांदाच पाहत होते. “मी हे मागितलं नव्हतं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, माहीत आहे. आणि हेही सांगितलं की याची एक प्रत माझ्याकडे आहे. उद्या त्या खात्याने मला बोलावलं तर मी हीच घेऊन जाणार, दुसरं काही माझ्याकडे नाही. मी धमकी दिली नाही. पण काय होईल ते त्यांना आधी ठाऊक असावं, असं मला वाटलं. अकरा वर्षं मी त्यांच्यासाठी तेच करत होते.

त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, मुलीची परीक्षा कधी संपते? मी महिना सांगितला. ते म्हणाले, तोपर्यंत राहा. माझं पत्र त्यांनी खणात टाकलं आणि त्यांचं परत मागितलं. मी दिलं. त्याचा फोटो माझ्याकडे होता, ते त्यांनी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, दिराला काढतील. काढलं नाही. पुढे कळलं की मित्रांना मुदीरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की चूक विमान कंपनीची. म्हणजे मित्रांसाठी पत्राची गरज कधीच नव्हती. आणि मुदीरच्या खुर्चीत बसून विचार केला तर तेही बरोबरच होते: जो नाही म्हणू शकत नाही असा माणूस हाताशी असणं त्यांना सोयीचं. नाही म्हणणारी जाणारच होती.

रायफल सोडवायला मात्र मीच लागले. दंड, अर्ज, त्या देशाच्या कस्टमची पत्रं, पुन्हा नंबर, पुन्हा चार कागद. ती परत आली तेव्हा मुलीचे दोन पेपर उरले होते. मी मंदूबला पाठवलं नाही. स्वतः गाडी काढून विमानतळाच्या मालविभागात गेले, मुदीरना सोबत यायला लावलं, कारण पेटी मालकासमोरच उघडतात. त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या, दोन्ही कुलुपं उघडली. झाकणाच्या आत मी चिकटवलेलं कार्ड तसंच होतं, माझ्या अक्षरात: नंबर, बोल्ट वेगळा, खिसे बघा. मी नंबर वाचला, कागदावरचा वाचला, जुळला. अधिकाऱ्याने शिक्का मारला.

परतताना गाडीत मुदीर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे. मी म्हटलं, ज्याला फाइल न्यायची आहे, त्यालाच ती करायला शिकवा. ते हसले नाहीत. वहीबद्दल विचारलं. वही माझी आहे, मी म्हटलं.

आता मी इथल्याच एका दवाखान्यात नोंदणी विभागात आहे. बदली रीतसर झाली, नवा कफील, नवा इकामा. मुलगी पास होऊन पुण्याला गेली. दीर अजून शुक्रवारी मासा आणतो. दारावर पिशवी अडकवतो, बेल वाजवतो आणि जिना उतरून जातो. मासा चांगला असतो, मी तो करते. पिशवी धुऊन परत अडकवते.

जिझानला मी गेले नाही. नवरा ईदला इथे आला. नव्या ऑफिसच्या खणाला मी स्वतःचं कुलूप लावलं आहे, त्याच्या दोन किल्ल्या माझ्या पर्सच्या कडीला होत्या. त्या त्यांनी पाहिल्या. म्हणाले, एक घरी खुंटीला लावून ठेव की, कधी गरज पडली तर.

मी म्हटलं, दोन्ही माझ्याकडेच असतात.

त्यांनी चहा घेतला आणि टीव्ही लावला.